एल्ब्रुसला पहिल्यांदा जाताना : गरबाशीपासून पश्चिम शिखरापर्यंत

एल्ब्रुसच्या दोन शिखरांमधल्या खिंडीत मी दोनदा पोहोचले. पहिल्यांदा डोकं फुटेल असं दुखत होतं, पाच पावलांवरचा माणूस दिसत नव्हता आणि गाईडने हाताने खाली बोट दाखवलं. दुसऱ्यांदा, दोन वर्षांनी, त्याच जागी बसून मी कोमट पाणी प्यायले, दोन राजगिऱ्याचे लाडू खाल्ले आणि पुढे शिखरावर गेले. दोन्ही वेळी डोंगर तोच होता, वाटही तीच. मधे माझ्या ताकदीतही फार फरक पडला नव्हता. पहिल्या खेपेला आम्ही रोप-वे आणि स्नोकॅटच्या (बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या) भरवशावर चौथ्या दिवशीच शिखराला निघालो होतो. दुसऱ्या खेपेला सातव्या दिवसाआधी निघायचंच नाही असं ठरवलं होतं. माझ्या मते एल्ब्रुसचं यश-अपयश बहुतेक वेळा या तीन दिवसांत ठरतं.

गेली काही वर्षं पुण्या-मुंबई-नाशिककडून बरेच जण 'युरोपातलं सर्वोच्च शिखर' म्हणून एल्ब्रुसचा विचार करतात. मला फोन येतात, त्यातले प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढते आहे.

१. आधी डोंगर ओळखा

एल्ब्रुस रशियाच्या काबार्डिनो-बल्कारिया प्रजासत्ताकात, कॉकेशस पर्वतरांगेत आहे. मुख्य रांगेपासून थोडा उत्तरेला, एकटाच उभा. हा झोपलेला ज्वालामुखी आहे. त्याला दोन शिखरं आहेत : पश्चिमेचं ५,६४२ मीटर आणि पूर्वेचं ५,६२१ मीटर. युरोपची हद्द कॉकेशसच्या मुख्य धारेवरून धरली तर एल्ब्रुस युरोपात येतो आणि आल्प्समधल्या ४,८०८ मीटरच्या मों ब्लांला मागे टाकतो. हद्द उत्तरेला सरकवली तर मान मों ब्लांला जातो. हा वाद जुना आहे. सात खंडांची सात शिखरं करणारे मात्र बहुतेक एल्ब्रुसच धरतात. तिथले कराचाय आणि बल्कार लोक या डोंगराला 'मिंगी ताऊ' म्हणतात.

चढाईचा इतिहास मी इथे मुद्दाम सांगते, कारण त्यात एक कामाचा धडा आहे. १८२९ साली जनरल एमान्युएल यांच्या नेतृत्वाखाली रशियन विज्ञान अकादमीची मोहीम उत्तरेकडून आली. त्यात एमिल लेन्झ होते. बारावीच्या भौतिकशास्त्रात 'लेन्झचा नियम' शिकलो ना, तेच. २२ जुलैला शास्त्रज्ञ बर्फावर चढायला लागले खरे, पण ऊन वर आलं तसा बर्फ मऊ झाला, पाय गुडघ्यापर्यंत रुतू लागले आणि एकेक जण थांबला. लेन्झ सर्वांत वर गेले, पण शिखर त्यांनाही मिळालं नाही. त्यांच्याबरोबरचा स्थानिक वाटाड्या किलार मात्र पहाटेच्या गोठलेल्या कडक बर्फाचा फायदा घेऊन कधीच पुढे निघून गेला होता. सकाळी अकराच्या सुमारास तो पूर्व शिखरावर होता, आणि खालच्या तळावरून जनरल त्याला दुर्बिणीतून पाहत होते. शास्त्रज्ञांकडे उपकरणं होती. बर्फ किती वाजता कसा वागतो हे किलारला माहीत होतं. त्याला काबार्डियन लोकही आपला म्हणतात आणि कराचायही.

पाश्चात्त्य गिर्यारोहकांनी ही चढाई बराच काळ मनावर घेतली नाही. १८६८ मध्ये डग्लस फ्रेशफील्ड, मूर आणि टकर हे इंग्रज शामोनीच्या देवुआसू या गाईडबरोबर पूर्व शिखरावर गेले. मुख्य, म्हणजे पश्चिम शिखर १८७४ मध्ये सर झालं : ग्रोव्ह, गार्डिनर आणि वॉकर, सोबत स्वित्झर्लंडचा गाईड पीटर क्नुबेल. १८९० मध्ये लष्करी नकाशाकार आंद्रेई पास्तुखोव्ह काही कोसॅक सैनिकांना घेऊन पश्चिम शिखरावर गेले. तुम्ही शिखराच्या रात्री जे काळे खडक ओलांडता, त्यांना त्यांचंच नाव आहे.

दुसऱ्या महायुद्धात हा डोंगर लढाईत सापडला. ऑगस्ट १९४२ मध्ये जर्मन पहाडी सैनिकांनी शिखरावर झेंडा लावला. फेब्रुवारी १९४३ मध्ये, ऐन हिवाळ्यात, सोव्हिएत गिर्यारोहकांनी वर जाऊन तो काढला. फेब्रुवारीत! जुलैतला वारा सोसून आल्यावर या एका शब्दाचं वजन कळतं. मार्च १९४४ मध्ये बल्कार लोकांना सरसकट घरादारातून उचलून मध्य आशियात पाठवलं गेलं. परतायला १९५७ उजाडलं. खोऱ्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी बोलताना हे लक्षात असू द्या.

२. तुम्ही तयार आहात का?

'एल्ब्रुस टेक्निकल नाही' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. खरं आहे. दक्षिणेच्या वाटेवर कडे चढायचे नाहीत, बर्फाच्या भिंती नाहीत. लांबलचक तिरका बर्फाळ उतार आहे. पण या वाक्याचा अर्थ लोक 'मोठा कळसूबाई' असा लावतात आणि तिथे फसतात. गरबाशीहून (रोप-वेच्या शेवटच्या स्थानकापासून) शिखरापर्यंतची नुसती चढाईच सुमारे १,८०० मीटर आहे; कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंचीच १,६४६. आणि साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो.

सह्याद्रीत काय करायचं ते सांगते. सहा महिने आधीपासून, आठवड्यातून दोनदा, पाठीवर दहा-बारा किलो घेऊन सिंहगड किंवा जवळचा कोणताही खडा चढ. वेग नको. बोलता येईल इतक्याच दमाने, पण न थांबता. महिन्यातून एकदा दहा-बारा तासांची चाल : राजगड-तोरणा उत्तम. एक चाल रात्री बाराला सुरू करा. झोप न झालेल्या अंगाने चालायची सवय जिममध्ये होत नाही.

पण सह्याद्री बर्फ शिकवत नाही. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट, दार्जिलिंगची हिमालयन इन्स्टिट्यूट किंवा मनालीची संस्था, यांपैकी कुठेतरी बेसिक कोर्स केलेला असेल तर सोन्याहून पिवळं. सुट्टी मिळत नसेल तर निदान हिमालयातलं पाच हजार मीटरच्या आसपासचं एखादं बर्फाचं शिखर आधी करा. विरळ हवेत आपलं शरीर कसं वागतं हे एल्ब्रुसवर पहिल्यांदा कळू नये. आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दात) घालून चालणं, घसरल्यावर आईस-अ‍ॅक्स रोवून स्वतःला थांबवणं, या दोन गोष्टी हातापायांत मुरलेल्या हव्यात.

रक्तदाब, हृदय, दमा यांपैकी काही असेल तर डॉक्टरांशी नीट बोला. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दलही त्यांनाच विचारा, विशेषतः सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर. मित्राने दिलेली गोळी वर जाऊन पहिल्यांदा घेऊ नका.

३. कागदपत्रं

२०२३ पासून भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा मिळतो. अर्ज फक्त रशियन परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर करा. सारख्या दिसणाऱ्या आणि दुप्पट पैसे घेणाऱ्या साइट्स भरपूर आहेत. मुक्काम किती दिवसांचा चालतो आणि कोणत्या विमानतळावरून आत येता येतं हे अर्जाच्या वेळी तपासा, नियम बदलत राहतात. मॉस्कोमार्गे जाणं सर्वांत सोपं.

आपल्या लोकांची नेहमीची चूक नावाची. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये आपलं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. अर्जात तेच, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने लिहा. आमच्या गटातल्या एकीने मधलं नाव गाळलं. पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे, आणि विमानाच्या आदल्या दिवसापर्यंत जिवाला घोर.

सोबत हे ठेवा :

- निघण्याच्या तारखेपुढे किमान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट, त्याच्या दोन झेरॉक्स
- ई-व्हिसाची छापील प्रत (फोनमधली पुरत नाही असं समजून चला)
- परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग
- प्रवास विमा. पॉलिसीत तीन गोष्टी शोधा : रशिया धरला आहे का, पर्वतारोहण धरलं आहे का, आणि उंचीची मर्यादा किती. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बहुधा पर्वतारोहण वगळलेलं असतं, आणि ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं
- रक्तगट, अ‍ॅलर्जी आणि घरचा फोन नंबर लिहिलेला कागद, इंग्रजीत आणि रशियनमध्ये

तिथे पोहोचल्यावर हॉटेल तुमची परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करतं आणि एक चिठ्ठी देतं. ती देश सोडेपर्यंत पासपोर्टमध्ये ठेवा. राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट आणि बचावदलाकडे गटाची नोंद या गोष्टी आयोजक करतो, पण 'झाली का?' हे विचारा आणि शक्य असेल तर डोळ्यांनी पाहा. जॉर्जियाची सीमा जवळ आहे. त्यामुळे पासपोर्ट खोलीत ठेवून शेजारच्या खोऱ्यात फिरायला जाऊ नका. काही खोऱ्यांना वेगळा सीमा-परवाना लागतो.

४. पैसे, प्रवास आणि आयोजक

भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड रशियात चालत नाही. मार्च २०२२ पासून ही सेवा बंद आहे. त्यामुळे सगळा खर्च रोखीत न्या : डॉलर किंवा युरो, नव्या, न दुमडलेल्या, शाईचा डाग नसलेल्या नोटा. रुबल मॉस्कोतच बँकेत बदलून घ्या. डोंगरपायथ्याला पोहोचेपर्यंत थांबलात तर मिळेल तो दर घ्यावा लागतो.

मॉस्कोहून विमानाने मिनेराल्निये वोदी. तिथून गाडीने बाक्सान खोऱ्यातून, तिर्निआउझ गावावरून डोंगरपायथ्याचं तेर्स्कोल गाव. साधारण तीन-चार तास. सध्याच्या परिस्थितीत दक्षिण रशियातले विमानतळ अधूनमधून काही तासांसाठी अचानक बंद होतात. म्हणून मॉस्कोहून परतीचं विमान त्याच दिवसाचं काढू नका, मधे एक रात्र ठेवा. निघण्याआधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचनाही वाचा.

आयोजक निवडताना लोक किंमत विचारतात. तुम्ही पुढचं विचारा. शिखराच्या दिवशी किती जणांमागे एक गाईड? (तिनामागे एक चांगलं, चारापुढे नको.) हवामानासाठी किती राखीव दिवस? एक जण परत फिरला तर त्याच्यासोबत कोण उतरणार? शेवटच्या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरा आयोजक बघा. माझ्या पहिल्या खेपेच्या आयोजकाकडे राखीव दिवस नव्हता आणि ते मला तेर्स्कोलला पोहोचल्यावर कळलं. पत्रकात 'आठ दिवसांत एल्ब्रुस' असं छापलं होतं. त्यातले तीन दिवस विमानात आणि गाडीत गेले.

५. सामान

भाड्याने तेर्स्कोल आणि अझाऊला (जिथून रोप-वे सुरू होतो) जवळजवळ सगळं मिळतं, म्हणून इथून सगळं विकत घेऊन नेण्याचा अट्टहास नको. भाड्याने घ्या : डबल बूट, बारा दातांचे क्रॅम्पॉन, आईस-अ‍ॅक्स, हार्नेस, दोन कॅराबिनर (दोराला अडकवायच्या कड्या) आणि स्लिंग, हेल्मेट, जाड डाऊन जॅकेट, चालायच्या काठ्या.

बूट घेताना जाड मोजे घालून पाहा आणि उतारावर उभं राहून बोटं पुढे टेकतात का ते बघा. मग दुकानातच ते क्रॅम्पॉन त्याच बुटाला लावून, पट्टा आवळून, पाय जोरात आपटून पाहा. माझ्या पहिल्या जोडीचा मागचा खटका बुटाच्या टाचेवर नीट बसत नव्हता. दुकानात मी 'ठीक आहे' म्हणाले. पहाटे तीनला, उणे पंधरात, हातमोजे काढून तो खटका बसवताना उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. त्यांना पूर्ण संवेदना यायला पुढे तीन आठवडे लागले.

घरून न्यायचं : अंगाला बसणारे थर्मल दोन जोड, फ्लीस, वारा-पाऊस अडवणारं जॅकेट आणि पँट, पातळ हातमोजे आणि त्यावरचे जाड मिटन (एक जादा जोड, हा आग्रह आहे), बालाक्लाव्हा (डोकं-चेहरा झाकणारी टोपी), गॉगल्स आणि गडद काचेचा चष्मा, हेडटॉर्च नव्या सेलसह, ५० एसपीएफचं सनस्क्रीन, ओठांचं मलम, थर्मास, रुंद तोंडाची पाण्याची बाटली. नळीवाली पाण्याची पिशवी नको. नळीतलं पाणी पहिल्या अर्ध्या तासात गोठतं. बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, त्यामुळे झाकण मोकळं राहतं.

खाणं : वर भूक मरते. जे घरी आवडतं तेच तिथे घशाखाली उतरतं. मेतकूट, तूप, लोणचं न्या; वरच्या मुक्कामाच्या हटमध्ये साधा भात मिळतो. राजगिऱ्याचे लाडू थंडीत मऊ राहतात. चिक्की दगड होते, दाताला धोका. शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. खाली 'खिचीन' मिळते : बटाटा आणि चीज भरलेली पातळ बल्कार पोळी, वरून लोणी. सोबत आयरान, म्हणजे जवळजवळ आपलं ताक.

बायकांसाठी दोन ओळी. उंचीवर आणि प्रवासात पाळीची तारीख हलते, म्हणून सामान बरोबर ठेवाच. वरच्या हटची शौचालयं बाहेर आणि उघड्या वाऱ्यात असतात. रात्री हेडटॉर्च आणि बूट घालूनच जायचं, जमिनीवर बर्फाचा काचेसारखा थर असतो. जायला नको म्हणून पाणी कमी पिणं ही चूक मी केली आहे. डोकेदुखीची सुरुवात तिथूनच झाली.

६. दिवसांची आखणी

या लेखातलं एवढंच वाचलंत तरी चालेल. अझाऊहून (सुमारे २,३५० मीटर) रोप-वे तुम्हाला तीन टप्प्यांत गरबाशीला (३,८४७ मीटर) नेऊन ठेवतो. तासाभराच्या आत दीड हजार मीटर. त्यापुढे स्नोकॅट, ज्याला तिथे रॅटराक म्हणतात, पास्तुखोव्ह खडकांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर, पाच हजारांपर्यंत सोडतो. पैसे दिले की यंत्र वर नेतं. तुमचं रक्त त्या वेगाने बदलत नाही. त्याला दिवसच लागतात.

मला जमलेली आखणी अशी :

पहिला दिवस : तेर्स्कोल (२,१०० मीटर). नुसतं पोहोचणं, जेवणं, झोपणं.

दुसरा : समोरच्या चेगेट डोंगरावर चेअर-लिफ्टच्या बाजूने चालत ३,००० मीटरपर्यंत, तिथे तासभर बसणं, खाली येऊन झोप. एल्ब्रुसची दोन्ही शिखरं इथून एका नजरेत दिसतात. वाट समजून घ्यायला ही उत्तम जागा आहे.

तिसरा : तेर्स्कोल वेधशाळेपर्यंत चाल, सुमारे ३,१०० मीटर. वाटेत 'मुलीच्या वेण्या' नावाचा धबधबा लागतो. परत खाली मुक्काम.

चौथा : रोप-वेने गरबाशी. सामान हटमध्ये टाकून, चहा पिऊन, हळूहळू ४,०५० मीटरच्या आसपास 'प्रियुत ११'पर्यंत. प्रियुत म्हणजे आसरा. १९०९ मध्ये इथे अकरा जणांच्या तुकडीने मुक्काम केला होता, त्यावरून हे नाव. पुढे १९३९ च्या सुमारास तिथे तीन मजली, धातूच्या पत्र्याने मढवलेलं, विमानासारखं गोलसर हॉटेल उभं राहिलं. त्या काळी इतक्या उंचीवर अशी इमारत नवलाची होती. १९९८ च्या ऑगस्टमध्ये ती जळाली. अवशेषांजवळच्या खडकांवर गेलेल्या गिर्यारोहकांच्या स्मरणाच्या पाट्या लावल्या आहेत. तिथे थोडं थांबा. इथून खाली येऊन गरबाशीला झोप.

पाचवा : पास्तुखोव्ह खडकांपर्यंत, ४,६०० ते ४,७००, क्रॅम्पॉन घालून. शिखराच्या दिवशी जे घालणार तेच सगळं घालून. आज काय चावतं, काय घसरतं ते कळेल. खाली गरबाशी.

सहावा : आराम. हटजवळच्या उतारावर आईस-अ‍ॅक्सचा सराव, पाणी, भात, झोप.

सातवा : शिखर. आठवा आणि नववा : राखीव.

राखीव दिवस वापरले गेले नाहीत तर वाया गेले असं वाटतं. दुसऱ्या खेपेला आमचा सातवा दिवस वाऱ्यातच गेला. आठव्या पहाटे आकाश असं स्वच्छ होतं की खाली चेगेटचे दिवे मोजता आले असते.

रात्री झोपेत श्वास अडकून दचकून जाग येते. उंचीवर हे बऱ्याच जणांना होतं, घाबरू नका. सौम्य डोकेदुखीही चालते. पण डोकेदुखी गोळीने न थांबणं, उलट्या, सरळ रेषेत चालता न येणं, आराम करतानाही धाप लागणं, खोकल्यात फेस येणं, यांतलं काहीही दिसलं तर उपाय एकच, आणि तो लगेच : खाली उतरणं. रात्र आहे, सकाळी बघू, असं म्हणू नका. शेजाऱ्याकडेही लक्ष ठेवा. आजारी माणूस स्वतः 'मी बरा आहे' असंच सांगतो.

७. शिखराची रात्र

रात्री अकराला उठायचं. झोप लागलेली नसते, चालतं. दोन घास बळेच खायचे. कपडे चढवायला तास जातो. बूट, गेटर, हार्नेस, मग बाहेर बसून क्रॅम्पॉन. बाराच्या आसपास निघणं.

स्नोकॅट घ्यायचा का? चढाई 'खरी' की 'खोटी' या वादात मला रस नाही, पण प्रकृतीचं सांगते. पास्तुखोव्ह खडकांपर्यंत घेतलात तर समजू शकते. मात्र पाच हजारांवर उतरू नका. गरम केबिनमधून एकदम उणे पंधरा आणि अर्ध्या हवेत पाय ठेवला की शरीर गांगरतं. पहिल्या खेपेला मी असंच केलं होतं. उतरल्यापासून दहाव्या मिनिटाला पहिली उलटी झाली. दुसऱ्या खेपेला गरबाशीपासून चालत गेले. पहिले तीन तास अंग हळूहळू तापत गेलं, आणि खडकांपाशी पोहोचले तेव्हा श्वासाची लय लागलेली होती.

आमचा गाईड बल्कार होता, पन्नाशीचा. तो दर वीस-पंचवीस पावलांवर काठी बर्फात खुपसून बघायचा आणि मग पुढचं पाऊल टाकायचा. मी जरा वेग घेतला की मागे न बघताच म्हणायचा, 'पतिखोंकु', हळूहळू. एक पाऊल, एक श्वास, गुडघा क्षणभर सरळ करून विसावा, मग दुसरं पाऊल. काठी खुपसताना कडक बर्फाचा 'टक्' आवाज यायचा. किलारने दोनशे वर्षांपूर्वी याच आवाजावर भरवसा ठेवला असणार.

खडकांच्या वर उतार सर्वांत खडा वाटतो. मग वाट डावीकडे वळते आणि पूर्व शिखराच्या कुशीतून तिरकी जाते. हिला 'कोसाया पोल्का' म्हणतात, तिरकी फळी. वाट अरुंद आणि एका बाजूला उतार, इथे डुलकी घेत चालणं धोक्याचं. सूर्य साधारण इथेच उगवतो, आणि एल्ब्रुसची त्रिकोणी सावली पश्चिमेकडच्या ढगांवर लांबवर पडते. पाहा, पण आधी नीट उभे राहा.

खिंड सुमारे ५,३०० मीटरवर आहे. इथे सॅक उतरवा, खा, प्या आणि स्वतःची प्रामाणिक तपासणी करा : बोटं हलतात का, आपलं पूर्ण नाव-पत्ता न अडखळता सांगता येतं का, वारा किती. यापुढचा पश्चिम शिखराचा उतार खडा आहे, आणि बहुतेक हंगामात तिथे दोर लावलेले असतात. त्यात कॅराबिनर अडकवूनच चढा. दोर संपला की माथ्यावरचं पठार लागतं. वाटतं आलंच, पण अजून वीस-पंचवीस मिनिटं सपाट चालायचं असतं. शेवटचा छोटा उंचवटा म्हणजे ५,६४२.

वेळेची मर्यादा आधीच ठरवा. आमची सकाळी अकराची होती. अकराला जिथे असू तिथून परत. दुपारनंतर काळ्या समुद्राकडून ढग येतात आणि अर्ध्या तासात सगळं पांढरं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये एका गटाला शिखराजवळ वादळाने गाठलं आणि पाच जण गेले. ती वाटही हीच, 'सोपी' म्हणतात ती.

८. उतरताना

बहुतेक अपघात परतताना होतात. पाय थकलेले, मन घरी पोहोचलेलं, वर ढग. तिरकी वाट संपण्याआधीच, खालचे हट दिसल्यासारखे वाटून, लोक उजवीकडे सरळ खाली वळतात. तिथे हिमभेगांचा पट्टा आहे. त्याला स्थानिक लोक 'ट्रुपोसबोर्निक' म्हणतात. प्रेतं गोळा होतात ती जागा. वाटेवर खुणेच्या काठ्या रोवलेल्या असतात, एक मागे टाकल्यावर पुढची दिसल्याशिवाय हलू नका. जाताना जीपीएसवर वाट नोंदवत जा, फोन आतल्या खिशात अंगालगत ठेवा. गाईडपासून कधीही सुटू नका, अगदी फोटोसाठीही.

दुपारी बर्फ मऊ होऊन क्रॅम्पॉनखाली गोळे धरतात आणि पाय घसरतो. काठीने दर काही पावलांवर बूट झटका. चेहरा आणि नाकपुड्यांच्या आतल्या बाजूलाही पुन्हा सनस्क्रीन लावा. बर्फावरून परतलेलं ऊन खालून भाजतं. आमच्यातल्या एकाने ढगाळ आहे म्हणून तासभर चष्मा काढला. संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं दुखायला लागलं आणि पुढचे दोन दिवस तो अंधाऱ्या खोलीत पडून होता.

९. खाली आल्यावर

गरबाशीचा शेवटचा रोप-वे किती वाजता सुटतो हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा, नाहीतर आणखी एक रात्र वर काढावी लागते. भाड्याचं सामान त्याच संध्याकाळी वाळवून परत करा. देताना प्रत्येक वस्तू पावतीवर खूण करून घ्या आणि अनामत रक्कम समोर मोजून घ्या. गाईडची बक्षिसी लिफाफ्यात, रुबलमध्ये, स्वतःच्या हाताने द्या, आयोजकामार्फत नको.

आणि शिखर झालं नसेल तर त्या संध्याकाळी निर्णय घेऊ नका. मी पहिल्या खेपेला तेर्स्कोलमध्ये रडत 'पुन्हा नाही' म्हणाले होते. गाईडने काही न बोलता माझ्यापुढे गरम खिचीनची ताटली सरकवली आणि कागदी रुमालावर पेनाने दिवस लिहून दिले : २,१००, ३,०००, ३,१००, ४,०५०, ४,७००, आराम, शिखर. वरची आखणी त्याच रुमालावरून उतरवलेली आहे.